टकळीचा स्कर्ट

माझ्या बहिणीची मुलगी पंधरा वर्षांची. घरात सगळे तिला टकळी म्हणतात, कारण तिचं तोंड कधी बंदच नसे. माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसली की तिच्यापुढे मशीनचा आवाजही ऐकू यायचा नाही. मी ओरडायचे, ती आणखी बोलायची. मला मूलबाळ नाही. माझे सगळे लाड तिच्याच वाट्याचे.

या वर्षी तिनं शाळेचा स्कर्ट दोनदा आणला. "मावशी, कंबर जरा आत घे ना." दोन्ही वेळा घेऊन दिली. वर शहाणपणा करून म्हणाले, "छान सडपातळ झालीस गं!" माझ्या हाताची सफाई अशी की तिच्या आईलाही कळू नये. याचा मला केवढा तोरा!

काल दुपारी तोच स्कर्ट तिसऱ्यांदा आला. उलटा केला, तर माझ्याच दोन शिवणी शेजारी शेजारी दिसल्या. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पोर डोळ्यांदेखत वाळत होती आणि मी ते नीटनेटकं झाकून देत होते. शिवाय अर्धा तास झाला, ती स्टुलावर गप्प बसून होती.

मी मशीन बंद केलं.

"हा मी शिवणार नाही. जेवत का नाहीस?"

"भूकच लागत नाही. झोपही नाही. मावशी, मला कशाचं काही वाटतच नाही गं."

"मरावंसं वाटतं?" मी सरळच विचारलं.

"कधी कधी. करणार नाही काही. पण वाटतं." मग घाईनं म्हणाली, "आईला सांगू नकोस. तुला माझी शपथ."

"शपथबिपथ गेली खड्ड्यात. सांगणार. तुझ्या पाठीमागे नाही, तुला शेजारी बसवून. आणि डॉक्टरांकडे तिघींनी जायचं."

"मग मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही!"

"नको बोलूस. जन्मभर रुस. पण त्यासाठी तू हवीस ना मला!"

ती रडायला लागली. तिला जवळ घेऊनच मी बहिणीला फोन लावला. काम टाकून ती धावत आली.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो. टकळी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "आत कोणाला बरोबर घेतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आईला," ती म्हणाली. "आणि हिलाही."