पाटीची वरची बाजू

मित्रांनो, दुकानात शिरताना मान वर करून पाटी वाचता का हो तुम्ही? नाही वाचत, मला ठाऊक आहे. मी पोर्ट लुईच्या चिनी मोहल्ल्यातली एक जुनी पाटी आहे, आणि मागच्या वर्षी मी सलग दोन महिने खाली डोकं वर पाय अशी लटकत होते. एका माणसाच्या लक्षात आलं असेल तर शपथ!

तसं माझं कूळ चांगलं आहे. लिओंग नावाचा माणूस चीनहून जहाजाने मॉरिशसला आला, तेव्हा त्याच्याजवळ कापराच्या लाकडाची एक पेटी होती. तिचं झाकण म्हणजे मी. पेटीत ठेवायला कपडे उरले नाहीत, तेव्हा त्याने मला उचकटून काढलं आणि माझ्यावर दोन अक्षरं कोरली, 'फुक' आणि 'लोई'. फुक म्हणजे सुख आणि लोई म्हणजे येणं. सुख येवो, असं दुकानाचं नाव. मला दारावर ठोकलं. सुख यायच्या आधी उंदीर आले, मग मांजर आलं आणि मग सून आली.

सून म्हणजे स्यूलान. दक्षिणेकडच्या एका खेड्यातली, तिच्या बापाचंही दुकानच होतं. खारवलेले मासे, वाळकी अळंबी, उदबत्त्या, दोरे, सुया, सगळं ती डोळे मिटून काढून द्यायची. रोज सकाळी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने मला पुसायची. जुनी चिनी पाटी उजवीकडून वाचतात, म्हणून आधी उजवीकडचं फुक, मग डावीकडचं लोई, आणि शेवटी खाली डाव्या कोपऱ्यातल्या खाचेत अंगठा घालून माती काढायची. ती खाच पंचाहत्तर सालच्या वादळातली. समोरच्या घराचा पत्रा उडत आला आणि माझा टवका घेऊन गेला. मला वाटायचं, ही बाई रोज मला वाचते. माझी छाती फुगायची, लाकडाची असली म्हणून काय झालं!

सासरा गेला, नवरा गेला, मुलगी जोझियान शिकून विमा कंपनीत लागली आणि कात्र-बोर्नला राहायला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "मा, अठ्ठ्याहत्तरची झालीस. दुकान आवर आणि माझ्याकडे ये." स्यूलानचं उत्तर ठरलेलं. "माझे सासरे सांगून गेलेत, पाटी उलटी झाली की शटर ओढायचं. होऊ दे उलटी, मग येते." ह्यावरून एकदा दोघींचं चांगलंच वाजलं, आणि जोझियान तीन वर्षं दुकानाचा उंबरा चढली नाही. फोन मात्र चुकला नाही, आणि उत्तरही बदललं नाही.

एवढ्यात मोहल्ल्याचा विकास सुरू झाला. एक सुशोभन समिती आली. तिने रस्त्यावर लाल कंदील टांगले, फरश्या बसवल्या, भिंतीवर लॉरीएवढा मासा रंगवला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलेला पांडा काढला. आमच्या बेटावर पांडा कुणी पाहिलाय? समोर रस्स्यातल्या वाफाळत्या मांसाच्या गोळ्यांची गाडी लावणारा आ-सेंग म्हणाला, "पांड्याला बसायला बाक दिला, माझ्या गाडीला जागा ठेवली नाही. पुढच्या जन्मी पांडाच होतो."

मग समितीचा रंगारी माझ्याकडे वळला. मला उतरवलं, घासलं, भेगा बुजवल्या, खाच बुजवली, लालभडक रंग दिला, अक्षरांना सोनेरी मुलामा दिला. नव्या नवरीसारखी सजले म्हणा ना! आणि चार माणसांच्या टाळ्यांच्या गजरात त्याने मला उलटी लावली. आता फुक डावीकडे, तेही शीर्षासनात. मी ओरडणार कशी? पाट्या बोलत नाहीत, हीच तर आमची गोची.

दुसऱ्या दिवशी स्यूलान फडकं घेऊन आली. हुश्श, म्हटलं, आता ही बघेल. तिने पुसलं, अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यात फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग आत गेली. मी मनाची समजूत घातली, डोळे अधू झाले असतील बिचारीचे.

पर्यटक मात्र रोज येऊ लागले. त्यांच्या वाटाड्याचं नाव नवीन, आणि आडनावच जादू. "मॉरिशसमधली सर्वांत सुंदर चिनी पाटी," असं सांगून तो त्यांना माझ्याखाली उभं करायचा. हजार फोटो निघाले असतील माझे, सगळे उलटे.

एके दिवशी तैवानहून आलेल्या एक निवृत्त मास्तरीणबाई माझ्यासमोर थबकल्या. आमचीच हक्का बोली बोलणाऱ्या. त्यांनी मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, आणि इतक्या हसल्या की त्यांची टोपी आ-सेंगच्या रस्स्यात पडली.

"अहो, ही पाटी उलटी आहे," त्या म्हणाल्या.

जादू क्षणभर गडबडला, पण गडी बिलंदर. "मुद्दाम आहे, बाई. हक्कात 'उलटं' आणि 'आलं' एकसारखंच ऐकू येतं ना? सुख उलटं म्हणजे सुख आलं!"

"ते नव्या वर्षाला दारावर चिकटवायच्या कागदाचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुकानाची पाटी उलटी म्हणजे दुकान बुडालं. शाळेत असतात तर कोपऱ्यात उभं केलं असतं तुम्हाला."

कुणीतरी हे फोनवर टिपलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते सगळ्या बेटाने पाहिलं. तीन वाजता जोझियान ऑफिसच्या कपड्यांतच दारात हजर.

"मा, पाटी उलटी झाली. शब्द तुझाच होता. ओढ शटर."

स्यूलान बाहेर आली, माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

"मला नाही कळत, जोझी," ती हळूच म्हणाली.

"काय नाही कळत?"

"वर कुठलं आणि खाली कुठलं. मला वाचता येत नाही. खाच डावीकडे खाली असली की पाटी सरळ, एवढंच मला ठाऊक. त्या मेल्याने तीच बुजवली, मी काय करू?"

आ-सेंगच्या पातेल्यातला रस्सा उतू गेला, त्याला भान नव्हतं. आणि मला विचाराल तर मला रडूच आलं. पन्नासहून अधिक वर्षं जिने मला वाचलं असं मी समजत होते, तिने मला फक्त हाताने ओळखलं होतं.

जोझियानला मात्र वेगळंच आठवलं. "आणि शनिवारी चिनी शाळेला दांडी मारली की मला पट्टीने बडवायचीस ती?"

"मग? घरात एकीला तरी यावं म्हणूनच बडवायचे. दोघी अडाणी राहून कसं चालेल?"

जोझियानने चपला काढल्या आणि आ-सेंगची शिडी मागवली. टोपी वाळेपर्यंत मास्तरीणबाई आणि जादू आ-सेंगच्या गाडीपाशीच थांबले होते; जादूने शिडी धरली, मास्तरीणबाई सावलीतून हुकूम सोडत राहिल्या. "डावं वर करा. तुमचं डावं नव्हे हो, पाटीचं!" मी सुलटी झाले. स्यूलानने मासे कापायची सुरी आणली, जोझियानच्या पाठोपाठ दोन पायऱ्या चढली आणि कोपरा चाचपून खाचेत भरलेला लांबीचा लगदा खरवडून काढला. मला दुखलं म्हणता? गुदगुल्या झाल्या.

"झाली सरळ," जोझियान म्हणाली, "पण उलटी झाली होती हे तर खरं ना?"

"दोन महिने उलटी होती," स्यूलान म्हणाली. "जादू, उलटं म्हणजे काय म्हणालास रे?"

"सुख आलं, आजी."

"मग आलंच की! माझी पोर तीन वर्षांनी उंबरा चढली."

जोझियानने शिडीवरच तोंड फिरवलं, आणि शटरचा विषय पुन्हा काही तिने काढला नाही.

आता ती दर शनिवारी येते. आधी मास्तरीणबाईंनी लिहून दिलेला कागद दोघी गिरवतात, मग स्यूलान स्टुलावर चढते. परवा तिने पहिल्यांदा मला मोठ्याने वाचलं. "लोई... फुक."

"उजवीकडून, मा!" जोझियान आतून ओरडली.

"फुक... लोई," स्यूलान म्हणाली, आणि सवयीने अंगठा खाचेत घातला.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जरूर रंग द्या, सोनं चढवा, फोटो काढा, आम्हाला मिरवायला आवडतं. पण आमची एखादी खाच बुजवायला निघालात, तर आधी दार वाजवून आतल्या माणसाला विचारा, ही तुमची आहे का?