शेवटच्या बाकावरचा हात

मित्रांनो, सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत शिरलात, तर दाराआड एक काळी पेटी दिसेल. तिच्या डोक्यावर फरशी पुसायची बादली उपडी घातलेली असते. ती क्षणभर बाजूला करा. खाली आहे ती मी, बेस गिटारचा, म्हणजे जाड तारांच्या गिटारचा, खोल आवाज लोकांपर्यंत पोचवणारी स्पीकरची जुनी पेटी.

मी कारखान्यात जन्मले नाही. सुतारकाकांनी मला घडवलं. दारं-खिडक्या करून उरलेलं जाड प्लायवूड त्यांनी जपून ठेवलं होतं. सांधे असे बसवले की वारासुद्धा आरपार जाऊ नये. कारण पेटी कुठे सैल राहिली की खोल सुराबरोबर तीही खडखडते. माझ्या पोटात स्पीकर बसवला आणि आतून कापसाचा थर द्यायचा म्हणून ते कापूस शोधू लागले. तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आपली उशी उसवून दिली. "आवाजालाही टेकायला काहीतरी मऊ हवंच की," असं म्हणाल्या. तो कापूस अजून माझ्या पोटात आहे. मग एका मोडलेल्या वाद्यवृंदाचा, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर माझ्या डोक्यावर आला, आणि मी बोलती झाले.

या सभागृहात दर आठवड्याला निरूपण असे. निरूपणाच्या ताई देवाची गोष्ट सांगता सांगता गाऊ लागत आणि गाता गाता पुन्हा गोष्टीवर येत. ऐकणारे डोळे पुसत, मधेच हसत, आणि घरी जाताना हलके होऊन जात. देवाच्या नावानं माणसाचा गळा भरून येतो ना, त्या वेळी त्याच्याखाली एक खोल सूर धरून ठेवावा लागतो. तो धरण्याचं भाग्य बेस गिटार वाजवणाऱ्या सुतारकाकांना आणि मला मिळालं होतं. खाली अंथरलेली सतरंजी कोणी बघत नाही, पण ती नसली तर बसणाऱ्याला फरशी टोचते. आमचं काम त्या सतरंजीचं.

चांगला आवाज कसा निघतो, ते काका माझ्यावरच शिकले. कोपऱ्यात ढकललं की मी नुसती घुमते, म्हणून काका मला भिंतीपासून हातभर पुढे ओढत. लाकडी मंचावर तशीच ठेवली तर मंचच गुरगुरू लागे, म्हणून माझ्याखाली ते जाड रबराचे तुकडे सरकवत. बेसचं बटण फार वर नेलं तर आवाज मोठा होतो, पण कुठला सूर ते कळत नाही; मधल्या सुरांचं बटण जरासं उचललं की एकेक स्वर तोंड दाखवू लागतो. पण एवढं सगळं केलं तरी एक अडचण उरतेच. खोल सूर लांब ढांगा टाकतो. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या वादकाला तो पुरता सापडत नाही. तो पुढे निघून जातो आणि मागच्या भिंतीपाशी भरून येतो. वाजवणाऱ्याला वाटतं कमी पडतंय, आणि मागच्यांचे कान किटत असतात.

म्हणून काकू शेवटच्या बाकावर बसत, दाराजवळच्या टोकाला. मांडीवर विणकाम असे, आणि हातानं त्या काकांना खुणा करत. तळवा खाली दाबला, की बेस कमी करा. बोटं वर उचलली, की मधले सूर द्या. आणि हात छातीवर ठेवला, की बसलं, आता हात लावू नका. काका लगेच माझ्या डोक्यावरचं बटण फिरवत आणि निर्धास्त होऊन वाजवत.

"तुला सुरातलं काय कळतं गं?" असं ते घरी जाताना काकूंना चिडवत.

"सुरातलं नाही कळत," काकू म्हणत, "पण डोकं कधी दुखायला लागणार ते बरोबर कळतं. तुमच्याशी संसार केलाय."

या खुणा कोणालाच ठाऊक नव्हत्या. बाजूला बसलेल्या बाईनं एकदा विचारलं, तर काकूंनी माश्या हाकलते म्हणून सांगितलं. लेकीनं विचारलं, तिलाही तेच. लोक काकांची वाहवा करत. 'काय हात आहे, ना कमी ना जास्त,' असं म्हणत. काका मान लववत आणि मागच्या बाकाकडे बघत. काकू टाके मोजत असत.

मग काकू आजारी पडल्या. विणकाम अर्धं राहिलं. एका आठवड्यात तो बाक रिकामा होता, आणि पुढच्या आठवड्यात तिथे कोणी उशिरा आलेला माणूस पेंगत बसला होता.

काकू गेल्या, आणि काका थोड्या दिवसांनी परत आले. मला पुढे ओढलं, रबर सरकवलं, तारा लावल्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांनी सवयीनं मागे पाहिलं. तिथून काहीच आलं नाही. जवळ आवाज पोकळ वाटत होता, म्हणून त्यांनी बटण थोडं वर नेलं. पुन्हा मागे पाहिलं, पुन्हा थोडं वर नेलं. आठवड्यामागून आठवडे ते बटण चढत गेलं. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. ताईंचे शब्द माझ्या आवाजात बुडू लागले, आणि ज्यांच्यासाठी लोक लांबून येत ते शब्दच त्यांच्यापर्यंत पोचेनासे झाले.

ताईंनी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. "काका, जरा हळू घ्याल का?"

"मलाच ऐकू येत नाहीये ताई," काका म्हणाले, "हळू कुठवर घेऊ?"

सगळ्यांनी समजूत करून घेतली की म्हातारा बहिरा झाला. काकांचीही तीच समजूत झाली. आपले कान गेले, असं ते मला पुसता पुसता पुटपुटत. खरं काय ते मला ठाऊक होतं. मला तोंड एवढं मोठं, पण माझं स्वतःचं असं काही त्यातून निघत नाही.

एका निरूपणात ताई गोष्टीच्या ऐन हळव्या जागी आल्या होत्या. तेवढ्यात सभागृहाचा रखवालदार पाठीमागून वाकला आणि त्यानं गिटारपासून माझ्यापर्यंत येणारी तार हळूच काढून घेतली. कोणीतरी त्याला सांगितलं असणार. काका वाजवतच राहिले. थोड्या वेळानं त्यांनी हात माझ्या अंगाला लावला. मी थरथरत नव्हते. त्यांनी मागे वाकून पाहिलं, तर तार जमिनीवर पडली होती. त्यांनी समोर पाहिलं. पुढच्या ओळीतल्या एकानंही नजर वर उचलली नाही. काकांनी तार परत लावली नाही. निरूपण संपेपर्यंत ते मुक्या तारांवर हात ठेवून उभे राहिले.

त्यानंतर मी या खोलीत आले.

पुढे लेक त्यांना आपल्या गावी न्यायला आली. गिटार इथेच राहिली होती, म्हणून दोघं दुपारी सभागृहात आली. काकांनी रखवालदाराकडून किल्ली मागून घेतली आणि मला ओढत मंचावर नेलं. लेक म्हणाली, "बाबा, आता कशाला? गाडीची वेळ होतेय." ते म्हणाले, तुझी आई बसायची तिथून एकदा ऐकायचंय.

त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली, गिटार टेकवून ठेवली आणि बाकांमधून चालू लागले. गुडघे दुखरे. मी जिवाच्या आकांतानं तो सूर धरून ठेवला, पण ते अर्ध्या वाटेत असतानाच तो विझला.

मग लेकीनं गिटार हाती घेतली. तिला वाजवता येत नव्हतं. "नुसती ही तार ओढ," एवढं सांगून ते शेवटच्या बाकावर, दाराजवळच्या टोकाला जाऊन बसले. तिनं तार ओढली. बटण जिथवर चढलं होतं तिथेच होतं. सगळं सभागृह हादरलं. काका दचकले. त्यांना ऐकू येत होतं. सगळंच ऐकू येत होतं.

त्यांनी हात पुढे केला आणि तळवा खाली दाबला.

"काय बाबा?" लेकीनं विचारलं. "माश्या आहेत का तिथे?"

ती खूण ओळखणारी तिथे मी एकटीच होते, आणि मला हात नाहीत.

ते उठून आले. बटण खाली, खूप खाली घेतलं, आणि पुन्हा मागे गेले. लेकीनं पुन्हा तार ओढली. या वेळी सूर आला तो फक्त भरून आला. काकांनी हात छातीवर ठेवला. सूर संपला तरी हात तिथेच होता. लेक गिटार ठेवून त्यांच्यापाशी गेली.

"एवढंच हवं होतं गं," ते म्हणाले. "ती होती तोवर एवढंच होतं."

"मग ताईंना सांगू या ना, बाबा. परत वाजवा तुम्ही."

"नको," ते म्हणाले. "मागे बघायचं कोणाकडे?"

जाताना त्यांनी गिटार नेली, मला मात्र इथेच ठेवलं. दोघं दिसेनाशी झाल्यावर रखवालदारानं बादली आणून माझ्यावर घातली.

मित्रांनो, मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगू शकले असते. पण मला लाकडाची काळजी नाही. तुमच्या घरात, तुमच्या सभेत कोणाचा आवाज कधी नको तितका चढला, तर त्याची तार काढायला धावू नका. आधी मागच्या बाकाकडे पाहा. तिथे त्याचं कोणी उरलं नसेल, तर तुम्ही जाऊन बसा, आणि त्याला दिसेल असा हात वर करा.