भावोजींनी सुधारलेली अंडी

आमचे भावोजी चित्रकार आहेत. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, दुसऱ्या कुणाच्या नाही.

ताईशी लग्न झालं तेव्हा ते एका जाहिरातीच्या ऑफिसात होते. साबणाच्या वडीभोवतीचे बुडबुडे काढायचे आणि खरं सांगायचं तर छान काढायचे. मग एक दिवस 'तिथं माझा जीव कोंडतो' म्हणून नोकरी सोडून घरी आले. तेव्हापासून जीवही मोकळा आणि हातही मोकळे. घर चालवायला ताईनं पुढच्या खोलीत बालवाडी काढली. सकाळी मुलं यायला लागली की भावोजी कपाळाला आठ्या घालून, चहाचा कप उचलून मागच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. आत मोठं चित्र चाललंय, असं ताई सगळ्यांना सांगायची. माझ्या पाहण्यात तरी त्या दारातून बाहेर आले ते फक्त रिकामे कप.

यंदा ईस्टरच्या तोंडावर ताई जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रजा टाकली आणि तिच्याकडे जाऊन राहिले. बालवाडीत दरवर्षी ईस्टरला मुलं जाड कागदाची अंडी रंगवतात. ती दोऱ्यांना अडकवून खोलीभर टांगतात आणि आईबाप येऊन बघतात. एवढंच. त्याच्यासाठी बालवाडी बंद ठेवायला ताई तयार नव्हती.

"ही आणि तुम्ही, दोघं मिळून सांभाळा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी खुर्चीत बसून सांगते."

"मी? अंडी?" भावोजी म्हणाले. कुणी त्यांना ती घालायला सांगितली असती तरी याहून वेगळा चेहरा झाला नसता.

पहिल्या सकाळी त्यांनी मुलांपुढे उभं राहून घसा साफ केला. "मुलांनो, आधी अंड्याकडे बघायला शिका. अंड्याला रेषा नसते. अंड्याला असते ती फक्त छाया."

मुलं चार वर्षांची. एकानं हात वर केला. भावोजींना वाटलं, शंका आहे.

"काका, शू लागली."

व्याख्यान तिथंच आटोपलं. ताईनं खुर्चीतून सूत्रं हातात घेतली. मला म्हणाली, "प्रत्येकाला पांढरा मेणखडू दे. अंड्यावर हवं ते गिरगटू देत."

"पांढऱ्या कागदावर पांढरा खडू?" भावोजी हसले. "दिसणार काय, कप्पाळ?"

"दिसेल," ताई म्हणाली.

गिरगटून झाल्यावर मी पातळ निळा रंग ठेवला आणि मुलांनी तो ब्रशनं अंड्यांवर फासला. मेणावर पाणी ठरत नाही. जिथं खडू फिरला होता तिथं कागद कोरा राहिला आणि निळ्यातून पांढऱ्या रेघोट्या वर आल्या. खोलीत एकच ओरडा झाला. एक पोरगा तर आपलंच अंडं बघून टेबलाखाली जाऊन लपला.

"ही नुसती युक्ती आहे," भावोजी नाक मुरडून म्हणाले. "कला नव्हे."

"बरं, मग रंगाचं पाणी तेवढं बदलून आणा," मी म्हणाले. ते बादली घेऊन गेले, पण अशा चालीनं की बघणाऱ्याला वाटावं, आत गंगाजळ आहे.

मग रोज एकेक प्रकार झाला. स्पंजचे तुकडे रंगात बुडवून ठसे मारले. दोरा रंगात भिजवून कागदाच्या घडीतून ओढला आणि आत उमटलेल्या पाकळ्यांची अंडी कापली. जुन्या टूथब्रशवर अंगठा ओढून शिंतोडे उडवले, त्यातला एक भावोजींच्या पांढऱ्या पायजम्यावर पडला. त्या आठवड्यात नेमक्या जागी पडलेला तेवढाच एक ठिपका.

मुलांत एक मुलगी होती, तिला सगळे भोंगा म्हणायचे. रडायला लागली की गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. तिनं ब्रश, स्पंज, काही घेतलं नाही. नारिंगी रंगात बोटं बुडवली आणि अंडंभर दाबली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"हे माझं बोट आहे."

"आणि हे?"

"हे पण माझंच आहे." माझी अक्कल कमी आहे हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण मग तिनं दहाही बोटं मला एकेक करून दाखवली. त्यानंतर रोज सकाळी आली की आधी खोलीत अंडी वाळत घातलेल्या तारेपाशी जायची आणि आपलं अंडं वाळलं का ते गालाला लावून बघायची.

आईबाप येणार होते त्याच्या आदल्या दुपारी मी ताईला प्लास्टर दाखवायला हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथं ताटकळून परत आलो तोवर दिवे लागले होते. पुढच्या खोलीचं दार बंद. भावोजी शीळ घालत होते. नोकरी सोडल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

"आत जाऊ नका," ते म्हणाले. "रंग ओले आहेत. सकाळीच बघा."

"कसले रंग?" मी विचारलं.

"अगं, टांगलीत सगळी. जरा शेवटचा हात." ताई दुखण्यानं बेजार झाली होती. ती गोळी घेऊन झोपली आणि मीही फार चौकशी केली नाही.

सकाळी आईबाप, मुलं सगळे दारात जमले आणि भावोजींनी धुतलेला कुर्ता घालून, एखाद्या संग्रहालयाचं उद्घाटन असावं तसं दार उघडलं.

आत अंडी टांगलेली होती. एकही मुलांचं नव्हतं. म्हणजे कागद तेच, पण निळ्यातल्या पांढऱ्या रेघोट्यांच्या जागी तळं होतं, तळ्यात हंस होता. स्पंजच्या ठशांची झाडं झाली होती, झाडांना सावल्या पडल्या होत्या. शिंतोड्यांचं आभाळ झालं होतं. प्रत्येक अंड्याला सोनेरी काठ. सगळं अगदी सुबक, साबणाच्या वेष्टनासारखं.

आणि आईबापांना आवडलं! "अगंबाई, किती नाजूक!" सुरू झालं. आपल्या पोराला नाक पुसता येत नाही हे रोज बघणारी माणसं, पण त्यानं हंस काढला यावर त्यांचा चटकन विश्वास बसला. एक दातांचे डॉक्टर होते, ते तर चष्मा काढून एकेका अंड्याला नाक लावून बघत होते. "हे मुलांनी केलं?"

"सुरुवात मुलांनी केली," भावोजी नम्रपणे म्हणाले. त्यांची नम्रता बघणं हा एक वेगळाच छळ असतो. "मी थोडं सुधारलं."

भोंगा तारेखालून दोनदा फिरून आली. "माझं कुठंय?"

भावोजी गुडघ्यावर बसले. "हे बघ. तुझ्या त्या डागांचा मी कसा झकास कोंबडा केलाय!"

"माझी बोटं कुठं गेली?"

"आहेत की. कोंबड्याच्या आत आहेत."

तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले. मी कान झाकायच्या तयारीत होते. पण ती रडली नाही. आईच्या साडीत तोंड खुपसून हळूच म्हणाली, "घरी जायचं."

"असं काय करतेस?" आई म्हणाली. "काकांनी किती छान केलंय. थँक्यू म्हण बघू."

"थँक्यू म्हणायचं काही कारण नाही," ताई म्हणाली.

ती खुर्चीतून उठली होती. गळ्यात हात अडकवलेला, केस मी घाईत बांधलेले. एवढ्या वर्षांत नवऱ्याबद्दल चारचौघांत तिच्या तोंडून वावगा शब्द गेला नव्हता. "ही अंडी मुलांनी केली होती," ती म्हणाली. "ह्यांनी ती खराब केली."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला.

"खराब?" भावोजींचा आवाज चिरकला. "अगं, मी कालची सगळी संध्याकाळ घातली! ते नुसते डाग होते!"

"ती पोर रोज ते गालाला लावून बघत होती. तिला विचारलंत तुम्ही?"

भावोजी मागच्या खोलीत निघून गेले. दार लागलं. मला वाटलं होतं, हे असं काही झालं तर मला केवढा आनंद होईल. झालाही. फक्त ताईचा चेहरा बघून तो दाखवता आला नाही.

मग ताईनं मला पुठ्ठे काढायला लावले. मी कात्रीनं अंडी कापत सुटले. मुलं जमिनीवर बसली, आईबापही अवघडत बसले. डॉक्टरांनी टूथब्रश उलटा धरून स्वतःच्याच टायवर शिंतोडे उडवले. ज्यांचं काम रोज लोकांना ब्रश कसा धरायचा ते शिकवायचं, त्यांची ही तऱ्हा. दुपारपर्यंत जुनी तार उतरली आणि नवी लागली. भोंगानं मात्र कशालाच हात लावला नाही. हात मांडीखाली घालून बसून राहिली. पुढेही बरेच दिवस ती रंगाच्या टेबलाशी फिरकली नाही, असं ताईनं मला फोनवर सांगितलं.

भावोजी दोन दिवस जेवणापुरते बाहेर येत होते, तेही रुसल्यासारखे. तिसऱ्या दिवशी ते डॉक्टर आले. उतरवलेल्या अंड्यांवर त्यांचा जीव जडला होता. त्यांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी तशीच हवी होती, भरपूर, आणि जमलं तर दातांचा काही विषय घेऊन.

मी म्हटलं, आता हा माणूस अपमानानं पेटून उठणार. कुठलं काय! मागच्या खोलीचं दार उघडं राहायला लागलं. मोठं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं आणि त्याच्यासमोर भावोजी पुठ्ठ्याची अंडी कापू लागले.

"भावोजी, अंडी?" मी निघायच्या दिवशी विचारलंच.

"ही वेगळी," ते म्हणाले. "ह्यांना मागणी आहे."

ताईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी मी पुन्हा गेले होते. भावोजी एक अंडं तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यावर एक गल्ली होती, घरं होती, प्रत्येक खिडकीत दिवा. ताईनं ते वाळलेल्या, बारीक झालेल्या हातात धरलं आणि उजेडाकडे नेऊन बराच वेळ बघितलं.

"खिडक्या सुरेख आल्यात हो," ती म्हणाली.

भावोजी मान हलवून गेले. मला हसू आवरेना. "पुरे आता, गेले ते. नाटक कशाला करतेस?"

"नाटक नाही. हात चांगलाच आहे त्यांचा. पहिल्यापासून होता."

"मग मुलांसमोर त्या दिवशी—"

"तेही खरंच होतं." ती कणीक मळायला बसली. मनगट दुखत होतं तरी मला हात लावू दिला नाही. "आणि तू लॅबमध्ये टोचतेस तेवढं पुरे. इथं येऊन त्यांना टोचू नकोस."

मला माझ्या बहिणीचं काही कळत नाही, कधीच कळलं नाही. मी पिशवी उचलली आणि मागच्या खोलीच्या दारावरून निघाले.

"सावकाश जा," भावोजी मान वर न करता म्हणाले. ते एका दाढेला पंख काढत होते.