ठेंगूचे मागचे पाय

ठेंगू तट्टाचे मागचे दोन्ही पाय सुजले, तेव्हा मास्तरांनी फारसा विचार न करता धाकट्याचं नाव घेतलं. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ आणि तबेल्याचा नालबंद. नाव घेतलं तेही एकट्यात गाठून नव्हे, तर रविवारी, घोडेस्वारी शिकणाऱ्या पोरांचे आईबाप कुंपणाला टेकून उभे असताना.

"अरे, तुझा हात थरथरायला लागलाय. खिळा आत गेलाय," मास्तर म्हणाले. "मुकं जनावर आहे म्हणून काय वाटेल ते ठोकशील?"

धाकट्याने त्या बुटक्या तट्टाचा एकेक पाय मांडीवर घेतला. नाल उपसले, खूर दाबून पाहिले, मग एक नाल उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. आता हा काहीतरी उलट बोलणार, अशा तयारीने मास्तर उभे होते. पण त्याने नाल पिशवीत टाकले.

"असेल दादा. माझंच चुकलं असेल," एवढंच तो म्हणाला.

तबेल्याच्या मालकीणबाईंनी लगेच दुसरा नालबंद बघायचं ठरवलं. बावीस वर्षांचं काम दोन मिनिटांत सुटलं, आणि धाकटा पिशवी उचलून चालता झाला.

आता खरं काय ते सांगायला हवं. मुलांच्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे ठेंगूवर बसायला रविवारखेरीज कुणी येत नव्हतं, आणि रविवारीही दोन-तीन चिमुरडी रिंगणातल्या मऊ मातीत एखादी फेरी मारून उतरायची. बाकीच्या दिवशी त्याला सकाळ-संध्याकाळ तासभर रस्त्याने हातात धरून फिरवायचं काम मास्तरांकडे होतं. आणि मास्तरांचा उजवा गुडघा गेला होता. पहिल्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवसापासून तेवढंही नाही. उलट्या बादलीवर बसून ते तासभर गुडघा चोळत, आणि उठताना दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहीत, 'ठेंगू फिरवला'. असे चार आठवडे गेले. गुडघ्याचं कळलं तर मालकीणबाई दुसरा मास्तर आणतील, या भीतीने त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

उभ्या घोड्याच्या पायात पाणी उतरतं, हे त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. त्याला फक्त ते आठवायचं नव्हतं.

नव्या नालबंदाने नवे नाल ठोकले. सूज जिथल्या तिथे. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सुजलेल्या पायावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला.

"गरम नाही, दुखत नाही, लंगडत नाही. आणि दोन्ही पाय सारखेच," त्या म्हणाल्या. "हे खिळ्याचं काम नव्हे. याला रोज फिरवता ना?"

"आमचे मास्तर एक दिवस चुकत नाहीत," असं म्हणत मालकीणबाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं.

"फिरवतो," मास्तर म्हणाले. हे बोलताना आपली जीभ जराही चाचरली नाही, याची त्यांना नंतर किळस आली.

"मग हृदय नाहीतर मूत्रपिंडं बघावी लागतील," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त घ्यायला सुई काढली. ठेंगूचं डोकं मास्तरांनीच धरलं होतं. सुई टोचली तेव्हा त्याने विश्वासाने त्यांच्याच काखेत तोंड खुपसलं. जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं मास्तरांना झालं.

त्या संध्याकाळी त्यांनी गुडघ्याला पट्टा आवळला आणि तट्टाला पुलापर्यंत नेऊन आणलं. प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा नेलं. परत आले तोवर ठेंगूचे पाय कधी सुजलेच नव्हते इतके सडपातळ झाले होते. आनंद व्हायचा तर मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते तडक धाकट्याच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. घोकताना त्यात थोडं पाणीही घातलं होतं.

"अरे, ठेंगूची सूज उतरली. डॉक्टरीणबाई तपासायला रक्त घेऊन गेल्यात, पण मधे दोन-चार दिवस त्याला फिरवायचं राहून गेलं होतं."

धाकट्याने हातोडा बाजूला ठेवला, पिशवीतून तो नाल काढला आणि दादापुढे धरला.

"दोन-चार दिवस नाही, दादा. हे टोक बघ. महिन्यापूर्वी ठोकला तेव्हाचे माझ्या कानशीचे ओरखडे अजून तसेच आहेत. चार दिवस रस्त्याने चालला असता, तरी पुसले गेले असते."

मास्तरांना नालाकडे बघवेना. "म्हणजे रविवारीच तुला कळलं होतं?"

"हो."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुझा गुडघा काय मला दिसत नाही? मला आणखी तीन तबेले आहेत. तुला या वयात कोण ठेवणार?" धाकट्याने पुन्हा हातोडा उचलला. "आता सूज उतरली ना? रक्ताचा रिपोर्टही चांगला येईल. विषय संपला. कुणाला काही सांगत बसू नकोस."

आणि क्षणभर मास्तरांना ते पटलं. हायसंसुद्धा वाटलं. आपल्याला हायसं वाटलं, हे ध्यानात आल्यावर मात्र त्यांना तिथे उभं राहवेना.

रविवारी तेच आईबाप त्याच कुंपणाशी जमले. मालकीणबाईही होत्या. मास्तर लंगडत कुंपणापाशी आले.

"माझ्या भावाचा खिळा चुकला नव्हता," ते मोठ्याने म्हणाले. "मी महिनाभर घोडा फिरवला नाही. फळ्यावर रोज खोटं लिहिलं. डॉक्टरांशीही खोटं बोललो."

मालकीणबाईंचा चेहरा पडला होता. तेवढ्यात खोगिरावर बसायला आलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "पण मग तुम्ही त्या काकांना का ओरडलात?"

तिची आई तिला मागे ओढायला लागली. मास्तरांनी हाताने त्या आईला थांबवलं. काहीतरी बरं दिसेल असं कारण त्यांनी मनात शोधून पाहिलं. सापडलं नाही.

"तो उलट बोलणार नाही, हे मला माहीत होतं म्हणून," ते म्हणाले.