पितळी कोपरा बाजारात जातो

मी एक कोपरा आहे. घराचा नव्हे, नळाचा. सरळ येणाऱ्या पाण्याला काटकोनात वळवून पुढे धाडणे, एवढेच माझे जीवितकार्य. बाजारात मला ‘एल्बो’ म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मी अस्सल पितळेचा असल्यामुळे ‘कोपरा’ या शब्दाचे वजन मला अधिक शोभते, असे माझे नम्र मत आहे.

माझा जन्म ओतशाळेत झाला. पितळेचा तप्त रस वाळूच्या साच्यात ओतला, निवल्यावर साचा फोडला आणि दोन्ही तोंडांना आटे पाडून मला जगात पाठवले. दोन तोंडे असून एक शब्दही न बोलणारा माझ्यासारखा दुसरा कोणी नसेल.

पुढची कित्येक वर्षे मी एका न्हाणीघराच्या भिंतीत काढली. कोण आंघोळ करतो आणि कोण नुसतीच बादली वाजवतो, हे मला आतून बरोबर कळे. माझी आठवण मात्र कोणी काढली नाही. नीट चाललेल्या वस्तूची माणसांना आठवण होत नाही; ती होते बिघडल्यावर, आणि तीही शिव्यांसकट.

अखेर वय झाले. माझ्या वळणाला, आतल्या अंगाने, केसाएवढी चीर गेली. भिंत ओली दिसू लागली, तेव्हा प्लंबर आला. (शब्द परका असला तरी माणूस घरचाच होता.) त्याने पाणी बंद केले, भिंत फोडली आणि मला बाहेर काढले.

“काका, नवा एल्बो मीच घेऊन येतो. तासाभरात पाणी सुरू.”

काका म्हणजे घरधनी. आपण वस्तू पारखून घेतो, या एका समजुतीवर त्यांचे निवृत्त आयुष्य उभे होते. ते म्हणाले, “तू जाणार, दुकानदार तुला चहा पाजणार आणि तो चहा माझ्या बिलात उतरणार. मीच आणतो.”

काकू खालच्या मजल्यावरून बादली घेऊन नुकत्याच वर आल्या होत्या. गुडघा धरून त्या म्हणाल्या, “अहो, मागे छत्री आणायला गेलात, ते पाऊस संपल्यावर परत आलात. आज संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही ना, तर यापुढे या घरातली सगळी खरेदी मी करणार. भाजीसुद्धा.”

“भाजीसुद्धा?” काकांचा चेहरा उतरला. भाजीबाजार म्हणजे त्यांचे राज्य होते.

नमुना म्हणून मला बरोबर न्यायचे ठरले. “ही घाण कोटाच्या खिशात घालू नका,” असे म्हणून काकूंनी मला लिंबाच्या सालीने असे घासले, की मी जन्मलो तेव्हाही इतका चकाकत नसेन.

पहिले दुकान आरशांनी मढवलेले होते. विक्रेता म्हणाला, “साहेब, डोळे मिटून घ्या.”

“डोळेच मिटायचे असते तर घरी झोपलो नसतो का?” काका म्हणाले आणि भाव ऐकून पायऱ्या उतरले.

दुसरे दुकान बोळात होते. तिथे माल गोणीत आणि दुकानदार गोणीवर. भाव निम्मा निघताच काकांना आनंद होण्याऐवजी संशय आला.

“इतका स्वस्त का?”

“दुकानाला भाडं कमी आहे, काका.”

“का मालात पितळ कमी आहे?”

महाग म्हणजे लूट, स्वस्त म्हणजे भेसळ आणि मधला म्हणजे दोन्ही थोडे थोडे, असे काकांचे अर्थशास्त्र होते. त्यामुळे ऊन डोक्यावर आले तरी खरेदी जिथल्या तिथेच राहिली.

तिसऱ्या दुकानदाराने नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. त्याने भारी, मध्यम आणि हलका असे तीन कोपरे फळीवर मांडले. काकांनी तुलनेसाठी मला त्यांच्या शेजारी ठेवले. मग एकेकाला तळहातावर तोलले, फळीवर वाजवून कान लावला, आतून फुंकले, दुर्बिणीसारखे डोळ्याला लावले.

“काका, नळाला बसवायचाय ना? का सनईसारखा वाजवायचाय?”

“तुम्ही जेवा हो. घाई करून माल कळत नाही.”

या उचलाउचलीत आमचा क्रम केव्हा बिघडला, ते काकांना कळले नाही. मला कळले, पण माझा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. चौथ्या फेरीत काकांनी मलाच उचलून वाजवले. चिरेमुळे माझा नाद घोगरा झाला होता. काकांना तो भारदस्त वाटला.

“याला म्हणतात माल! वजन बघा, आवाज बघा. नाहीतर हे तुमचे बाकीचे पत्रे.”

“अनुभवी नजर आहे,” दुकानदार भरल्या तोंडाने म्हणाला आणि मान वर न करता सर्वांत चढा भाव सांगितला. आयुष्यात प्रथमच कोणी चारचौघांत माझे कौतुक केले होते! मी कागदात विराजमान झालो आणि तिघांतला सर्वांत हलका कोपरा ‘फुटका नमुना’ म्हणून काकांच्या खिशात गेला.

आम्ही घरी पोचलो ते दिवेलागणीला. प्लंबरने मला हातात घेऊन पाहिले. “एक नंबर, काका! असा माल हल्ली येत नाही.” त्याने मला बसवले आणि पाणी सोडले. क्षणभर मी श्वास रोखून धरला. मग माझ्या चिरेतून बारीक धार सरळ त्याच्या डोळ्यांत गेली.

“फसवलं!” काका ओरडले. “जाऊन मापातलं पाप काढतो त्याचं!”

“थांबा.” काकूंनी त्यांच्या खिशातला कोपरा काढून उजेडात फिरवला. “याला चीर कुठे आहे?” मग त्या माझ्याजवळ वाकल्या. “आणि या नव्याच्या खाचेत लिंबाची साल कशी? अहो, तुम्ही आपलाच फुटका विकत घेतलात?”

प्लंबरने हत्यारांच्या पिशवीत तोंड घातले. ती पिशवी बराच वेळ हलत होती.

काकांनी मात्र हार मानली नाही. “म्हणजे माझी पारख खरी! इतक्या वर्षांपूर्वी जो निवडला, तोच आज चौघांतून अचूक उचलला.”

“तो तुम्ही नव्हता निवडला,” काकू शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही तेव्हा तीन दिवस नळ बघत हिंडत होतात. गवंडी खोळंबला, म्हणून समोरच्या दुकानातून हा मी आणला. भावसुद्धा विचारला नव्हता.”

खिशातला ‘पत्रा’ भिंतीत बसला. पाणी आले. काका बराच वेळ त्याखाली हात धरून उभे होते. एक थेंबही गळला नाही. मग त्यांनी खुंटीवरची भाजीची पिशवी काकूंच्या हाती दिली.

“तोंड नका पाडू,” काकू म्हणाल्या. “चला बरोबर. तुम्ही पारखत राहा, तोवर मी घेऊन येते.”

वाचकहो, माझी विनंती एवढीच. स्वस्त घ्या, महाग घ्या, तो ज्याचा त्याचा विचार. परंतु नमुना घेऊन दुकानात जाल, तर त्याला मुठीतून सोडू नका.

सध्या मी खिडकीत बसून आहे. मला मोडीत काढायचे ठरले आहे. काकांची खरेदी गेली, पण विक्रीबद्दल काकू काही बोलल्या नव्हत्या. त्यामुळे कोणत्या भंगारवाल्याचा भाव बरा आणि कोणाचा काटा खरा, याची चौकशी काका रोज करून येतात. तेव्हा काळजी नसावी. मला अजून पुष्कळ आयुष्य आहे.