राखण

मल्हारी गांगुर्डे कुवेतला एअर कंडिशनर दुरुस्त करी. म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या लोकांना स्वेटर घालावे लागतील, याची तो काळजी घेई. अठ्ठ्याहत्तर साली तो रजेवर नाशिक रोडला आला, दोन महिने राहिला, आणि परतीचं विमान आठवड्यावर आलं. विमानात बसण्याआधी इन्कम टॅक्सचा दाखला लागतो, म्हणून त्यानं कचेरीत अर्ज दिला. तिथले टिपणीस साहेब सभ्य गृहस्थ. "घरी येऊन चौकशी करून जातो," ते म्हणाले. "नुसता उपचार आहे."

ते जेल रोडच्या घरी आले तेव्हा मल्हारी मुलगी बघायला मनमाडला गेला होता. घरी त्याची आई, सुलाबाई, एकटीच होती. नवऱ्यानं मागं ठेवलेल्या दोन खोल्या आणि कुवेतला असलेला मुलगा, एवढी तिची इस्टेट.

"घर छान आहे," टिपणीस म्हणाले. "कुणाचं?"

आता, कर्ता मुलगा असताना विधवा बाईनं "माझं" म्हणणं म्हणजे घरात भांडण असल्याची दवंडीच. सुलाबाई म्हणाली, "माझ्या मल्हारीचं. मी आपली राखण करते."

"त्यांच्यासाठी?"

"मंग काय शेजाऱ्यासाठी? आतली खोली त्याचीच. च्या घेता ना साहेब?"

टिपणिसांनी चहा घेतला, आणि "राखण" हा शब्दही घेतला.

दोन दिवसांनी मल्हारी दाखला आणायला गेला, तर आईच्या जबाबावरून दाखला अडलेला. तो धावत देवराम पगारे वकिलांकडे गेला. वकिलांनी आधी त्याला पाणी दिलं, मग कायदा सांगितला.

"तू परदेशात राहतोस तोवर तुझ्या तिथल्या पगारावर इथं कर नाही. पण वर्षातला महिनाभर इथं काढलास, आणि निम्मं वर्ष तुझ्यासाठी इथं घर राखून ठेवलेलं असलं, तर तू इथलाच रहिवासी. मग कुवेतचा सगळा पगार इथल्या करात."

"पण माझं घर कुठंय इथं?"

"ते तुझ्या आईला विचार. नेमका कायद्यातला शब्द बोलल्यात बाई. मला परीक्षेत आठवला नव्हता."

"मग आता?"

"वाद घालू. जिंकूही. पण त्यात सहा-आठ महिने जातील."

सहा-आठ महिन्यांत कुवेतची जागा दुसऱ्या कुणाची होणार, हे मल्हारीला वकिलानं सांगावं लागलं नाही. तो घरी आला तोच ओरडत.

"आये, काय बोलून बसलीस तू?"

"खोटं काय बोलले?"

"सगळं! घर तुझ्या नावावर. आतल्या खोलीत तू झोपतेस. मी आलो की बाहेर खाली सतरंजीवर."

"पंखा बाहेर हाय म्हणून."

"मग तेच साहेबाला सांग ना! म्हणावं, घर माझं हाय, पोरासाठी काही राखलेलं नाय. एवढंच बोलायचं."

सुलाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "तुझा बाप गेला तवा भाऊबंद आले व्हते. बाई एकटी, खोल्या इकून टाक म्हणाले. तू पाळण्यात. मी म्हणाले, घर पोराचं हाय, मी नुसती राखणीला. गप उठून गेले सगळे. तवापासून तेच बोलते मी."

"ते भाऊबंद होते, आये. हा इन्कम टॅक्सवाला हाय."

"तो बी उठून गेलाच की," सुलाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं कचेरीत गेली. टिपणिसांनी सुलाबाईला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"आजी, नीट आठवून सांगा. घर कुणाचं?"

सुलाबाईनं मल्हारीकडं पाहिलं. मल्हारी छताकडं पाहत होता.

"माझं."

"मुलासाठी राखून ठेवलंय?"

"नाय."

"त्याची खोली?"

"त्याची खोली नाय. येतो, सतरंजी टाकतो, ऱ्हातो, जातो."

"म्हणजे पाहुण्यासारखा," टिपणीस म्हणाले. त्यांना मदतच करायची होती.

"लिवा तसं," ती म्हणाली.

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, त्यामुळं कुणालाच काही करता येईना. तिनं अंगठा दिला. दोन दिवसांनी दोघं पुन्हा कचेरीत गेली, तेव्हा दाखला मिळाला.

दाखला खिशात घालून घरी येताना बसमध्ये मल्हारी फार बोलला. पुढच्या खेपेला मिक्सर आणतो, टेपरेकॉर्डर आणतो. सुलाबाईनं कनवटीचे पैसे काढून आपलं तिकीट आपण काढलं.

घरी जेवणवेळेला तो नेहमीसारखा आतल्या खोलीत, चुलीशेजारी बसायला गेला. सुलाबाईनं पाट बाहेरच्या खोलीत मांडला होता. शेजारी तांब्याभांडं, आणि फळीवरचं कधी न काढलेलं स्टीलचं ताट.

"आये, हे काय?"

"बसा," सुलाबाई म्हणाली.

मल्हारी हसला. ती हसेल म्हणून जरा जास्तच हसला. मग पाटावर बसला. भाजी झाली होती त्याच्या आवडीची, शेवग्याची. पण त्यानं पहिल्या भाकरीलाच हात आवरला. सुलाबाई दारात दुसरी भाकरी घेऊन उभी होती.

"लाजू नका," ती म्हणाली. "घ्या."