बिनवायरचं

"बाई, माझं ऐका, गवताचं मशीन वायरवालंच न्या. दिवसभर चालवलं तरी दमायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"बिनवायरचंच दाखवा."

"वायर पात्याखाली येते म्हणून ना? अहो, सगळ्यांचीच येते!"

गवतवाली हसली नाही. लोकांच्या बंगल्यांतली हिरवळ कापण्यात तिचा जन्म गेला होता, आणि तिच्या पात्याखाली वायर कधीही आली नव्हती.

मागे उभ्या असलेल्या लेकीला खरं कारण माहीत होतं. घरी बाप खुंटीवरून जुन्या मशीनची वायर काढायचा आणि दुहेरी करायचा. मागच्या वेळी त्यानं आईला इतकं फोडून काढलं की भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. टोकाची पितळी पिन खांद्यात रुतून बसली होती. ती लेकीनंच ओढून काढली.

आईनं पातं किती रुंद, बॅटरी किती वेळ टिकते, सगळं विचारून घेतलं. मग चार्जरची वायर मुठीभोवती गुंडाळून पाहिली. जेमतेम एक वेढा बसला.

"चालेल," ती म्हणाली.

"आणि ही किल्ली. काढली की मशीन मेलं. पात्याला हात लावण्याआधी काढायची, बरं का."

संध्याकाळी बाप अंगणात आला. खुंटी रिकामी होती.

"वायर कुठाय?"

"ती काय."

काळी वायर गवतात आडवी पसरलेली होती. त्याच्या ध्यानात येईपर्यंत आईनं मशीन तिच्यावर घातलं. कानठळ्या बसल्या. रबराचे, तांब्याचे तुकडे उडाले. एक त्याच्या गालात घुसला.

"भवाने, बंद कर ते!" रक्त पुसत तो अंगावर धावला.

तिनं मशीन त्याच्या पायांकडे वळवलं.

"आई, बास! आई!" लेक किंचाळली.

तो मागे सरकत गेला. टाच पायरीला अडली. चपलेचं टोक उडालं, तसा तो ओरडत पायरीवर चढला. तिथं तो उभा राहिला, रिकाम्या हातांनी.

आईनं मशीनची मूठ सोडली. पातं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि किल्ली काढली.

"मारायचं असेल तर हातानं मार," ती म्हणाली. "पण त्यासाठी जवळ यावं लागेल तुला."

नवऱ्याला तिनं अरेतुरे केलं ते तेवढंच. तो आला नाही. त्या दिवशीही नाही, नंतर मरेपर्यंतही नाही.

पात्याला खाच पडली होती. तिनं ते कधी बदललं नाही. तिनं कापलेलं गवत त्यानंतर टोकाला जरासं फाटायचं. "हल्ली हात बिघडला वाटतं तुमचा," असं बंगलेवाले म्हणाले, तर म्हणायची, "नाही हो. आत्ता कुठं सुधारलाय."

ती गेली तेव्हा नर्सनं लेकीच्या हातावर कानातली ठेवली आणि दोऱ्यात ओवलेली प्लास्टिकची किल्ली.

"ही कसली ते कळलं नाही. कुलपाची तर वाटत नाही."

"गवताच्या मशीनची आहे."

"पिशवीत टाकू?"

लेकीनं मानेनंच नको म्हटलं आणि दोरा गळ्यात घातला. तो अजून आईच्या घामानं ओलसर होता.